छोटे स्वयंचलित इन्क्युबेटर: यंत्र चांगले, आकडे तपासून घ्या

बारापासून साठेक अंड्यांपर्यंतचे, टेबलावर मावणारे इन्क्युबेटर बाहेरून कितीही वेगळे दिसले तरी आतून जवळपास सारखेच असतात. दुपदरी प्लास्टिकची किंवा थर्मोकोलची पेटी, पारदर्शक झाकण, झाकणात एक छोटा पंखा, त्याभोवती हीटरची तार, तळाला पाण्याच्या खाचा, अंडी फिरवणारा ट्रे आणि तापमान, आर्द्रता व दिवस दाखवणारा कंट्रोलर. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या यंत्राचे नाही, या प्रकारच्या सगळ्या यंत्रांचे आहे.

आधी निकाल सांगतो. तापमान धरून ठेवणे आणि अंडी वेळेवर फिरवणे ही दोन कामे ही यंत्रे उत्तम करतात. यंत्र नसताना हाताने अंडी फिरवण्यात जो जीव जातो, तो वाचतो. कमी पडतात ती दोन ठिकाणी. पडद्यावरचा आकडा खरा असेलच असे नाही, आणि शेवटच्या तीन दिवसांत लागणारा ओलावा झाकण न उघडता देण्याची सोय बहुतेक यंत्रांत तोकडी असते. पिल्ले निघत नाहीत अशा तक्रारींचे मूळ बहुधा या दोनपैकी एका जागी सापडते. दोन्हींवर साधे उपाय आहेत आणि त्यासाठी दुसरे यंत्र घ्यावे लागत नाही.

पडद्यावरचे ३७.५

पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ अंश सेल्सिअस लागते. फॅरनहाइट दाखवणाऱ्या यंत्रात हाच आकडा ९९.५ दिसेल. पंखा नसलेल्या पेटीत हवेचे थर पडतात, वर गरम आणि खाली गार. म्हणून तिथे अंड्याच्या माथ्याजवळ मोजून ३८.३ ते ३८.९ ठेवतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की अख्खी खेप जाते, आणि हे फार सहज घडते, कारण सल्ला देणारा कोणत्या पेटीबद्दल बोलतोय हे विचारलेच जात नाही.

अर्धा-पाऊण अंश म्हणजे काही विशेष नाही असे वाटते, पण गर्भ तो २१ दिवस सतत सोसत असतो. तापमान सारखे चढे राहिले तर पिल्ले १९व्या-२०व्या दिवशीच बाहेर येऊ लागतात. ती लहान असतात, बेंबी नीट मिटलेली नसते आणि कित्येकांचे पाय किंवा बोटे वाकडी असतात. सारखे उतरते राहिले तर उबवणी २२-२३ दिवसांवर जाते आणि पिल्ले फुगीर, मऊ पोटाची, सुस्त निघतात. थोड्या वेळापुरता गारठा गर्भ निभावून नेतो. अति उष्णता मात्र लवकर मारते. ४० अंशांच्या वर गेलेले काही तास अख्ख्या ट्रेचा घात करू शकतात. म्हणून आकड्याची शंका असेल तेव्हा चूक गार बाजूला झालेली बरी.

तपासायचे कसे? घरात असलेला तापाचा डिजिटल थर्मामीटर इथे कामाला येतो, कारण तो नेमक्या याच पट्ट्यात, ३५ ते ४२ अंशांत, अचूक असतो. तो थेट यंत्रात ठेवून उपयोग नाही, कारण तो फक्त सर्वात वरचा आकडा धरून ठेवतो. त्याऐवजी एक साधा, वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. थर्मासमध्ये ३८ अंशांच्या आसपासचे पाणी भरा, दोन्हींची टोके मधोमध जवळजवळ धरा, पाणी हळूहळू ढवळत राहा आणि तीनेक मिनिटांनी दोन्ही आकडे वाचा. फरक आला तर तो वायरवाल्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. आता हा तपासलेला थर्मामीटर यंत्राच्या सेन्सरशेजारी, अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर बांधा. यंत्राचा सेन्सर पाण्यात बुडवू नका. बऱ्याच यंत्रांत तापमान आणि आर्द्रता एकाच सेन्सरमध्ये मोजली जाते आणि तो पाण्याने कायमचा बिघडतो.

थर्मामीटरचे टोक उघड्या हवेत असेल तर हीटर चालू-बंद होईल तसा आकडा ३७.२ आणि ३७.८ यांच्यात नाचताना दिसतो. तो पाहून घाबरून सेटिंग बदलू नका. अंडे हे पाण्याने भरलेले जड भांडे आहे, ते इतक्या लवकर तापत किंवा निवत नाही. टोक पाण्याच्या छोट्या घट्ट बंद पिशवीत किंवा कुपीत ठेवले की अंड्याला खरोखर काय जाणवते ते दिसते. ही सरासरी ३७.५ वर बसली पाहिजे. फरक निघाल्यास कंट्रोलरमधली दुरुस्तीची सेटिंग वापरा. घरी जुळवलेल्या पेट्यांत लागणाऱ्या डब्ल्यू १२०९ या तापमान-नियंत्रक बोर्डात ती पी ४ या सेटिंगवर असते. त्याच बोर्डात पी १, म्हणजे हीटर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यातला फरक, मुळात २ अंश ठेवलेला असतो. तो ०.२ किंवा ०.३ केल्याशिवाय त्यात अंडी ठेवूच नका.

यानंतर यंत्र रिकामे २४ तास चालवा आणि थर्मामीटर मध्यभागी व चारही कोपऱ्यांत प्रत्येकी तासभर ठेवून आकडे लिहा. एकच पंखा असलेल्या आयताकृती यंत्रांत कोपरे थोडे गार राहणारच. अर्ध्या अंशापर्यंत ते चालवून घ्या आणि अंड्यांच्या जागा दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करा. एका अंशाहून जास्त फरक असेल तर ते यंत्र परत करण्यासारखे आहे. यंत्र उन्हाच्या खिडकीत, दाराच्या वाऱ्यात किंवा एसीच्या झोतात ठेवून ही चाचणी केली तर दोष यंत्राचा की जागेचा ते कळणार नाही. खोली २० ते २५ अंशांची, शांत असावी. ३५ अंशांच्या खोलीत या यंत्रांची फार पंचाईत होते. त्यांच्यात गरम करायची सोय आहे, थंड करायची नाही. भर उबवणीत अंड्यांची स्वतःची उष्णता मिळून आतला पारा हीटर बंद असतानाही वर सरकतो.

आर्द्रतेचा आकडा सोडा, वजन घ्या

आर्द्रता हा या यंत्रांचा सर्वात कच्चा भाग. सेन्सर स्वस्त असतो, पाण्याच्या वाफेत आणि पिसांच्या धुळीत वर्षभर राहून तो आणखी बिघडतो. तपासायला मीठ पुरते. झाकणाच्या बरणीत बाटलीचे बूच ठेवा, त्यात मीठ घालून ओल्या वाळूइतपत भिजवा, शेजारी सुटा आर्द्रतामापक ठेवा आणि बरणी घट्ट बंद करा. आठ ते बारा तासांनी तो ७५ टक्के दाखवायला हवा. ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी सांगतो, इतके सरळ आहे.

पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के, हे आकडे सगळीकडे दिसतात आणि ते बरोबर आहेत. पण खरी गोष्ट वेगळी आहे. आर्द्रता ठेवायची ती अंड्यातून ठरावीक पाणी उडून जावे म्हणून. १८ दिवसांत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. त्या पाण्याच्या जागी रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेते. जाड कवचाचे अंडे आणि पातळ कवचाचे अंडे एकाच आर्द्रतेत वेगवेगळे वाळतात. म्हणून पडद्यावरच्या टक्क्यांपेक्षा तराजूवर जास्त भरवसा ठेवा.

दहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा आणि ठेवण्यापूर्वी ती एकत्र तोलून घ्या. समजा वजन ५५० ग्रॅम आले. १२ टक्के म्हणजे ६६ ग्रॅम, म्हणजे रोज साधारण ३.७ ग्रॅम. सातव्या दिवशी घट २५-२६ ग्रॅम आणि चौदाव्या दिवशी ५१ च्या आसपास हवी. सातव्या दिवशी ती १८ च भरली तर आत ओल जास्त आहे: एक खाच कोरडी करा, झाकणातल्या हवेच्या भोकाचे बूच थोडे उघडा. ३५ भरली तर दुसरी खाचही भरा. मधे वंध्य अंडे काढून टाकले तर त्याचे वजन हिशेबातून वजा करायला विसरू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा या कामाला पुरतो, एकएकटे अंडे तोलायचे असेल तरच ०.१ ग्रॅमचा लागतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज हटता हटत नाही. खाच काठोकाठ भरल्याने आर्द्रता वाढत नाही. ती पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते, खोलीवर नाही. वाढवायची तर दुसरी खाच भरा किंवा खाचेत स्पंज उभा करून ठेवा. हवा आधीच दमट असेल तेव्हा पहिले १८ दिवस पाणी अजिबात न घालताही घट बरोबर बसते, आणि तशी बसत असेल तर पुस्तकी आकड्यासाठी पाणी ओतू नका. जास्त ओलाव्यात वाढलेल्या पिल्लाला हवेची पोकळी लहान मिळते आणि ते कवच फोडण्याआधीच आत गुदमरते. आमच्या मते या यंत्रांत कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्याने अधिक पिल्ले जातात.

अंडी फिरवणारा ट्रे

दोन प्रकार मिळतात. एकात अंडी रुळांवर आडवी ठेवली जातात आणि रुळ फिरले की ती गडगडतात. दुसऱ्यात अंडी निमुळते टोक खाली करून उभी असतात आणि अख्खा ट्रे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतो. आम्ही दुसरा पसंत करतो. रुळांच्या ट्रेत लहान अंडी जागीच घसरतात आणि फिरत नाहीत, मोठी एकमेकांत अडकतात. ज्यांच्याकडे रुळांचेच यंत्र आहे त्यांनी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा. दिवसातून दोनदा पाहिले की कोणते अंडे अडून बसले आहे ते लगेच कळते. कलणाऱ्या ट्रेत कल पुरेसा आहे का ते पाहा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या जवळपास हवा. काटकोनी कागद तिरपा दुमडून केलेला त्रिकोण शेजारी धरला की अंदाज येतो.

मोटर इतकी सावकाश फिरते की ती बंद आहे असेच वाटते. ट्रेच्या कडेला आणि पेटीला समोरासमोर खुणा करा आणि दोन तासांनी पाहा. खरोखर बंद असेल तर आधी मोटर आणि ट्रे यांना जोडणारी दांडी निसटली आहे का बघा, बहुतेकदा तेवढेच झालेले असते. मोटरच गेली तर दुरुस्तीपर्यंत हाताने फिरवा: दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम आकड्यात, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज वेगळ्या बाजूवर जातो. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, रक्तवाहिन्यांचे जाळे पुरते पसरत नाही आणि शेवटी पिल्लू उलटे बसते. पहिल्या आठवड्यातली हयगय सर्वात महाग पडते, कारण तिचा परिणाम विसाव्या दिवशी दिसतो आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

यंत्राच्या माथी न मारण्याच्या गोष्टी

सात दिवसांहून जुनी, फ्रिजमध्ये ठेवलेली, धुतलेली, तडकलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी नीट उबतीलच असा भरवसा कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही. जमवताना ती १५ ते १८ अंशांत, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. प्रवास करून आलेली अंडी तशीच उभी १२ ते २४ तास शांत ठेवून मग लावावीत. गार अंडी थेट गरम यंत्रात गेली की कवचावर दव धरते आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात, म्हणून आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सगळी अंडी एकाच दिवशी लावा. या यंत्रात एकच कप्पा असतो. निम्मी अंडी फिरवायची आणि निम्म्यांना भरपूर ओल द्यायची, हे त्यात एकत्र जमत नाही.

दिव्यावर काय दिसते

यंत्राच्या कडेला दिलेला तपासणीचा दिवा पांढऱ्या कवचाला पुरतो, तपकिरीला नाही. अंधाऱ्या खोलीत प्रखर टॉर्चच्या तोंडावर रबरी रिंग बसवून रुंद टोकाला टेकवा. सातव्या दिवशी एका ठिपक्यातून निघालेल्या लाल वाहिन्यांचे जाळे आणि हलणारा गर्भ दिसायला हवा. काहीच नाही, नुसता पिवळसर उजेड आणि बलकाची सावली, म्हणजे अंडे वंध्य किंवा अगदी सुरुवातीला गेलेले. आत कवचाला चिकटलेले लाल कडे दिसले तर गर्भ जगायला लागून पहिल्या काही दिवसांत मेला. १४व्या दिवशी हवेची पोकळी सोडून जवळजवळ सगळे अंडे काळोखे असते. शंका असलेले अंडे लगेच फेकू नका, खूण करून चार दिवसांनी पुन्हा पाहा. अपवाद एकच. वास येणारे, घाम फुटल्यासारखे थेंब आलेले किंवा रंग उतरलेले अंडे त्याच क्षणी, न हलवता, बाहेर काढा. ते आत फुटले तर सडका द्रव पंख्यातून सगळ्या अंड्यांवर बसतो.

उबवणी संपल्यावर न निघालेली अंडी फोडून पाहणे हे किळसवाणे काम आहे आणि तरीही यंत्राबद्दल सर्वात खरी माहिती तिथेच मिळते. प्रत्येकी काय दिसले ते लिहा. बहुतेक गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांत गेलेले असतील तर साठवण, वाहतूक किंवा सुरुवातीची अति उष्णता पाहा. डोळा काळा झाल्यानंतर, पण पिसे भरण्याआधी गेलेले फार असतील तर कोंबड्यांच्या आहाराकडे वळा. ब-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत गर्भ मधल्या आठवड्यात मरतात आणि पिसे गाठी मारल्यासारखी आखडलेली दिसतात. मोटर आणि हवेची भोकेही याच वेळी तपासा. पूर्ण वाढलेले पिल्लू, पोटाबाहेर बलक, चोच पोकळीत गेलेलीच नाही, असे दिसले तर तापमान आणि वजनाची घट तपासा. डोके निमुळत्या टोकाला असलेली पिल्ले बरीच निघाली तर अंडी ट्रेत उलटी लावली गेली आहेत. पिल्लू ओलेचिंब, चिकट, पोकळी लहान: ओल जास्त. पडदा कागदासारखा कोरडा आणि पिल्लाला घट्ट लपेटलेला: ओल कमी, किंवा शेवटी झाकण वारंवार उघडले गेले.

निघण्याचा काळही बोलका असतो. एकाच दिवशी लावलेली सारखी अंडी साधारण दिवसभराच्या अंतराने निघतात. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दोन दिवसांहून जास्त अंतर पडले तर आत कुठे गरम, कुठे गार राहिले आहे किंवा ताजी-शिळी अंडी मिसळली आहेत. लहान जातींची अंडी दिवस-दीड दिवस आधी निघतात, त्यात दोष काही नाही.

१८ ते २१: यंत्राची खरी परीक्षा

अठराव्या दिवशी फिरवणे बंद. ट्रे किंवा रुळ काढून टाका आणि जाळीवर खरखरीत, न घसरणारा कपडा किंवा रबरी जाळी अंथरा. नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर निघालेल्या पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात. पाण्याच्या खाचा जाळीखाली झाकल्या गेल्या आहेत ना हे हाताने चाचपून पाहा. काही यंत्रांत जाळीच्या कडेला बोटभर फट राहते आणि ओले पिल्लू त्यात सरकून बुडते. सगळ्या खाचा कोमट पाण्याने भरा. आर्द्रता ६५ च्या वर येत नसेल तर स्पंज घाला, कारण तो पृष्ठभाग वाढवतो.

बाहेरून पाणी घालायची नळी असलेले यंत्र घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो, ते याच तीन दिवसांसाठी. नळी नसेल तर झाकणाच्या हवेच्या भोकातून पिचकारीला बारीक नळी जोडून थेट खाचेत पाणी सोडा. पाणी आतल्याइतके गरम हवे. झाकण उघडले की ओली हवा क्षणात निघून जाते, आणि चोच मारून बसलेल्या पिल्लाभोवतीचा पडदा सुकून त्याला आवळतो. खूप पिल्लांचे प्राण या एका हौसेपायी जातात. वाळलेली पिल्ले लगेच काढण्याची घाई नसावी. निघण्याआधी बलक पोटात ओढून घेतलेला असतो आणि त्यावर ती दोन-तीन दिवस अन्नपाण्याशिवाय राहतात. सहा-आठ तासांनी, कोणतेही अंडे ऐन फुटण्याच्या अवस्थेत नसताना, एकदाच झाकण उचलून सगळी वाळलेली पिल्ले ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवावीत.

हवेचे बूच मात्र याच काळात पूर्ण उघडा ठेवा, ओलावा कमी होईल या भीतीने बंद करू नका. आधीच्या आठवड्यांत थोडे उघडे पुरते, पण आता प्रत्येक पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेते आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एक टक्क्यावर गेले की ती मंदावतात. पहिली ओली पिल्ले बाहेर आली की आर्द्रता आपोआप ८० च्या वर जाते, काचेवर थेंब साचतात. तेवढ्याने बिघडत नाही.

चोच मारण्याचा क्रम माहीत असला की घाई होत नाही. आधी पिल्लू हवेच्या पोकळीत चोच घालते. बाहेर काही दिसत नाही, कान लावला तर चिवचिव ऐकू येते. मग कवचाला पहिला तडा जातो. त्यानंतर १२ ते २४ तास ते स्वस्थ बसलेले दिसते. तो विसावा नसतो: पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त आणि उरलेला बलक या वेळात शरीरात ओढला जातो. मग ते गोल फिरत कवच कापते आणि ढकलून बाहेर येते. मधल्या तासांत बाहेरून मदत केली की रक्तस्राव होतो.

२४ तास उलटूनही तडा पुढे सरकला नसेल, पिल्लू ओरडत असेल आणि दिसणारा पडदा पांढरा, कोरडा असेल, तरच हात घाला. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पडदा ओला करा. तडा गेलेल्या जागेपासून, हवेच्या पोकळीवरचेच कवच, कणाकणाने काढा. लाल रेघ दिसली की थांबा, अंडे परत आत ठेवा आणि काही तास थांबा. चोच आणि डोके मोकळे झाले की बाकीचे पिल्लाला करू द्या, पायांनी ढकलताना त्यांना बळ येते. तडा निमुळत्या टोकाला असेल तर पिल्लू उलटे आहे, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. एकाच खेपेत तीन-चार पिल्लांना अशी मदत लागली तर पिल्ले कमकुवत आहेत असा निष्कर्ष काढू नका, पुढच्या वेळी वजनाचा हिशेब नीट ठेवा.

वीज गेली तर, आणि त्याहून वाईट

वीज गेल्यावर झाकण उघडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत पेटीवर चादर टाका, हवेची भोके सोडून. काही तासांच्या गारव्याने सगळे गर्भ मरत नाहीत, फक्त उबवणी लांबते. अंडी टाकून देण्याआधी चार-पाच दिवस चालू ठेवून पुन्हा दिव्यावर पाहा. शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतःच उष्णता देतात. पंखा बंद असताना ती घट्ट गुंडाळली तर आत गरमी आणि घुसमट होते, तेव्हा झाकण थोडे किलकिले करावे लागते. १२ व्होल्टची जोडणी असलेले यंत्र मिळत असेल तर तेच घ्या. हिशेब सोपा आहे: ६० वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तर सरासरी ३० वॅट. १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी ऊर्जा वापरली तरी आठेक तास निघतात.

वीज जाण्यापेक्षा घातक बिघाड म्हणजे रिले चिकटणे. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेची टोके लाखो वेळा जुळून कधीतरी जोडलेलीच राहतात आणि हीटर बंद होत नाही. पडदा ४१ दाखवत असतो, पण कंट्रोलरच्या हातात काही उरलेले नसते. भोंगा वाजतो, तो ऐकायला कोणी हवे. मोठ्या यंत्रांत यासाठी दुसरा संरक्षक थर्मोस्टॅट असतो, या छोट्यांत बहुधा नसतो. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून ३८.८ ला तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट हीटरच्या वायरीत एकापाठोपाठ जोडून घ्या. त्याचा सेन्सर पहिल्यापासून वेगळा हवा, नाहीतर एका बिघाडात दोन्ही फसतात. कंट्रोलरमधली टिकटिक सारखी, काही सेकंदांनी ऐकू येत असेल तर चालू-बंद होण्यातला फरक ०.१ वरून ०.३ करा, रिले जास्त टिकेल.

पंखा बंद पडणे हाही याच रांगेतला बिघाड. सेन्सर पंख्याजवळ असेल तर तो लगेच गरम होतो, हीटर बंद पडतो आणि कोपऱ्यातली अंडी गारठतात, पडद्यावर मात्र ३७.५ शांतपणे दिसत राहते. झाकणावर कागदाचा बारीक तुकडा दोऱ्याने आतून चिकटवून ठेवा. तो हलत असेल तर हवा फिरते आहे. हे छोटे पंखे सुटे मिळतात, व्होल्टेज आणि माप जुळवून एक जास्तीचा ठेवलेला बरा.

साफसफाई

पिल्ले निघाली त्याच दिवशी यंत्र धुवा, दुसऱ्या दिवशी तो चिखल वाळून दगड होतो. कवचे आणि पिसे कोरडीच काढून टाका, ती उडतात आणि त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, म्हणून नाकाला रुमाल आणि नंतर साबणाने हात. तळ, जाळी आणि ट्रे साबणाच्या पाण्याने घासा, मग जंतुनाशक लावा. औषधाच्या बाटलीवर सांगितलेला वेळ ते ओले राहू द्या आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. साबणाआधी जंतुनाशक ओतून उपयोग नाही, घाण असेपर्यंत ते काम करत नाही. झाकणातला पंखा, हीटर आणि सेन्सर यांना पाणी लागू देऊ नका. प्लग काढून कोरड्या मऊ ब्रशने पाती झाडा आणि सेन्सरवरची धूळ फुंकून काढा. खाचांत पांढरा क्षार जमला असेल तर पातळ व्हिनेगर तासभर ठेवून पुसून घ्या. सगळे पूर्ण वाळल्यावर झाकण थोडे उघडे ठेवूनच यंत्र बाजूला ठेवा, बंद पेटीत बुरशी धरते. पुढची अंडी लावण्याआधी थर्मासची आणि मिठाची चाचणी पुन्हा करा, कारण एका खेपेच्या वाफेनंतर सेन्सरचा फरक पूर्वीइतकाच राहिला असेल असे गृहीत धरता येत नाही.